करार वाचायला शिकावे, की करार करणाऱ्याला?

उंबरठा:
नमस्कार. सात वर्षे निर्यात विभागात कागदपत्रांचे काम केल्यानंतर मी नोकरी सांभाळून आंतरराष्ट्रीय व्यवसायाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आहे. पुढच्या सत्रात दोन ऐच्छिक विषयांपैकी एकच घेता येणार आहे. पहिला कायद्याचा आहे. त्यात आंतरराष्ट्रीय विक्रीचे करार, लवाद, इनकोटर्म्स (मालाची जोखीम आणि खर्च वाटून देणारे नियम), पतपत्रे (बँकेने दिलेली पैशांची हमी) आणि लाचप्रतिबंधक कायदे येतात. दुसरा आंतरसांस्कृतिक व्यवहाराचा आहे. त्यात वाटाघाटी, संवादाच्या पद्धती आणि वेगवेगळ्या देशांतील सहकाऱ्यांबरोबर काम करणे असा भाग आहे.

माझा कल कायद्याकडे आहे. दुसरा विषय म्हणजे सभ्य माणसाला थोडे डोके वापरले की आपोआप कळणाऱ्या गोष्टींना दिलेली भारदस्त नावे, असे मला आतापर्यंत वाटत आले आहे. परंतु गेल्या वर्षीचा एक प्रसंग मनातून जात नाही. एका जुन्या ग्राहकाला आम्ही दर आणि मालाचा तपशील पाठवला. उत्तर आले, "आपल्या प्रस्तावाचा आम्ही अनुकूल विचार करू." आमच्या साहेबांनी तो होकार धरून कच्चा माल उचलला. तीन आठवड्यांनी विचारणा केली, तेव्हा त्यांनी अतिशय नम्रपणे कळवले की त्यांच्याकडून कोणतीही मागणी नोंदवली गेलेली नाही. कच्चा माल चार महिने गोदामात पडून राहिला.

हा प्रश्न कायद्याचा होता की संस्कृतीचा, हे मला आजही सांगता येत नाही, आणि कोणता विषय घ्यावा हा पेच खरे तर त्यातूनच निर्माण झाला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कलमबहाद्दर:
कायद्याचा विषय घ्या. आपण सांगितलेल्या प्रसंगाचे उत्तर कायदा पुरेसे नेमके देतो, म्हणून तोच उदाहरणासाठी घेतो.

मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीच्या करारांसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक करारनामा आहे. तो १९८० साली व्हिएन्ना येथे संमत झाला, १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला आणि सगळे त्याला सीआयएसजी म्हणतात. तो आपल्या व्यवहाराला लागू होतो का, हे आधी पाहावे लागेल. दोन्ही पक्षांची व्यवसायाची ठिकाणे वेगवेगळ्या सदस्य देशांत असली तर तो आपोआप लागू होतो. एखादा देश सदस्य नसला (ब्रिटन आणि भारत अद्याप नाहीत), तरी कोणत्या देशाचा कायदा लागू करायचा हे ठरवणारे नियम सदस्य देशाच्या कायद्याकडे बोट दाखवत असतील, तर तो मागच्या दाराने येऊ शकतो. काही देशांनी हे मागचे दार स्वतःपुरते बंद करून घेतले आहे, हेही ध्यानात ठेवावे. आणि कलम ६ नुसार पक्षांना तो करारातून पूर्णपणे वगळताही येतो. मात्र त्यासाठी तो अस्तित्वात आहे हे ठाऊक असावे लागते, आणि बऱ्याच मसुद्यांत नेमकी तीच अडचण असते.

आता मुद्द्याकडे येतो. कलम १८ प्रमाणे प्रस्तावाला संमती दर्शवणारे विधान किंवा कृती म्हणजे स्वीकृती. केवळ मौन किंवा निष्क्रियता म्हणजे स्वीकृती नव्हे. 'अनुकूल विचार करू' हे वाक्य पुढे काय करणार हे सांगते, संमती सांगत नाही. करार झालाच नव्हता. आपल्या साहेबांनी कच्चा माल स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. यात संस्कृती कोठेच येत नाही.

दुभाषी:
कलमबहाद्दर यांनी कलम १८ वाचले, पण त्याआधी येणारे कलम ८ वगळले. व्यापारी बैठकांत दुभाष्याचे काम करताना मला हेच कलम सर्वांत उपयोगी पडले, म्हणून सविस्तर लिहिते.

कलम ८ सांगते की एखाद्या पक्षाच्या विधानाचा अर्थ त्याच्या हेतूनुसार लावावा, मात्र तो हेतू दुसऱ्या पक्षाला ठाऊक असला पाहिजे किंवा ठाऊक नसणे शक्य नव्हते अशी स्थिती असली पाहिजे. तसे नसेल तर त्याच प्रकारच्या समंजस व्यक्तीला त्याच परिस्थितीत जो अर्थ कळला असता, तो घ्यावा. हे ठरवताना वाटाघाटी, दोन पक्षांमधील प्रघात, व्यापारातील रूढी आणि नंतरचे वर्तन हे सर्व विचारात घ्यायचे असते. आता 'त्याच प्रकारची समंजस व्यक्ती' कोणत्या देशातली आणि कोणत्या धंद्यातली? 'अनुकूल विचार करू' हे एका ठिकाणी सौम्य होकाराचे वाक्य असते आणि दुसऱ्या ठिकाणी समोरच्याचा मान राखून दिलेला नकार असतो. संस्कृती कायद्याच्या बाहेर उभी नाही. ती कलम ८ मध्ये बसलेली आहे, तिला फक्त त्या नावाने हाक मारलेली नाही.

१९६० साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण प्रसिद्ध आहे. स्विस खरेदीदाराने न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून गोठवलेल्या कोंबड्या मागवल्या. खरेदीदाराला हव्या होत्या भाजण्या-तळण्याजोग्या कोवळ्या कोंबड्या, आणि विक्रेत्याने मोठ्या वजनाच्या मागणीत पाठवल्या जून, रस्सा करण्याजोग्या. गंमत अशी की दोन्ही पक्षांमधील तारांचा बहुतेक मजकूर जर्मन होता, परंतु त्यात 'चिकन' हा शब्द मुद्दाम इंग्रजी वापरला होता. जर्मन 'हून' या शब्दात दोन्ही प्रकार येतात आणि इंग्रजी शब्दाने फक्त कोवळी कोंबडी कळेल, असा खरेदीदाराचा समज होता. न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांच्या निकालाची सुरुवातच अशी आहे की, वादाचा मुद्दा आहे चिकन म्हणजे काय. त्यांनी तारा पाहिल्या, शब्दकोश पाहिला, सरकारी प्रतवारीचे नियम पाहिले, धंद्यातील लोकांच्या साक्षी घेतल्या आणि बाजारभावही पाहिला. अखेर, आपण म्हणतो तोच मर्यादित अर्थ अभिप्रेत होता हे खरेदीदाराला सिद्ध करता आले नाही, म्हणून तो हरला. हा निकाल कायद्याच्या वर्गात शिकवतात. माझ्या मते तो भाषेच्या वर्गातही शिकवायला हवा.

पेंगणारा पहारेकरी:
म्हणजे कोंबडी आधी की करार आधी, हा प्रश्न न्यायालयातही सुटलेला नाही तर.

जुना हिशेब:
कोंबडीच्याही आधीचे उदाहरण आहे. १८६४ सालच्या इंग्रजी खटल्यात मुंबईहून 'पीअरलेस' नावाच्या जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाचा सौदा झाला होता. त्या नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली, एक ऑक्टोबरात आणि दुसरे डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिले होते, विक्रेत्याच्या मनात दुसरे. खरेदीदाराने माल नाकारला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. येथे दोघांची भाषा एक होती आणि कायदाही एकच होता, तरीही घोटाळा झालाच. त्यामुळे प्रत्येक गैरसमजाचे खापर संस्कृतीवर फोडण्याआधी जरा थांबावे.

नांगर:
मी जहाजवाहतुकीच्या कामात आहे. वरची सर्व चर्चा मनापासून पटली, पण रोज घसरायला होते ते तीन-तीन अक्षरांवरून, म्हणून त्याविषयी लिहितो.

इनकोटर्म्स हे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे नियम आहेत. पहिली आवृत्ती १९३६ सालची आणि सध्याची २०२०ची असून तीत अकरा नियम आहेत. माल कोणत्या क्षणी कोणाच्या जोखमीवर जातो आणि कोणता खर्च कोणी करायचा, हे ते सांगतात. मालकी केव्हा बदलते, पैसे केव्हा द्यायचे, करार मोडल्यास काय करायचे, यातले काहीही ते सांगत नाहीत. तरीही 'सीआयएफवर घेतले म्हणजे बंदरात उतरेपर्यंत माल विक्रेत्याच्या जोखमीवर' असे ठामपणे सांगणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. सीआयएफमध्ये विक्रेता भाडे आणि विमा भरतो हे खरे. जोखीम मात्र निघण्याच्या बंदरात माल जहाजावर चढला की खरेदीदाराकडे जाते. शिवाय तो विमाही किमान संरक्षणाचा असतो. २०२०च्या आवृत्तीत सीआयपी या भाडे-विम्याच्याच दुसऱ्या नियमासाठी व्यापक संरक्षण आवश्यक केले, पण सीआयएफला किमानच ठेवले.

आता माझी फजिती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका अमेरिकी खरेदीदाराला दरपत्रक पाठवले आणि त्यात नुसते 'एफओबी' लिहिले, म्हणजे माझ्या मते निघण्याच्या बंदरात माल जहाजावर चढवेपर्यंतचाच दर. बंदराचे नाव नाही, 'इनकोटर्म्स' हा शब्द नाही, वर्ष नाही. मला वाटले, यात न कळण्यासारखे काय आहे! खरेदीदाराने मात्र तो दर त्याच्या गोदामापर्यंतचा धरला. मी तो लबाड आहे असे समजून दोन दिवस धुसफुसत होतो. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला शांतपणे सांगितले की अमेरिकेच्या एकरूप व्यापारी संहितेत एफओबीची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि 'पोहोचण्याच्या ठिकाणी एफओबी' हा प्रकार तेथील देशांतर्गत व्यापारात चालत आलेला आहे. तो माणूस त्याच्या घरची भाषा बोलत होता आणि मी माझ्या. त्या खेपेच्या आतल्या भागातील वाहतुकीचा अर्धा खर्च आम्ही सोसला. तेव्हापासून मी संज्ञा, ठिकाणाचे पूर्ण नाव आणि आवृत्तीचे वर्ष या तीन गोष्टी एका ओळीत लिहिल्याशिवाय दरपत्रक पुढे जाऊ देत नाही. कंटेनरचा माल असेल तर एफओबीऐवजी एफसीए (ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराकडे माल सोपवताच आपली जोखीम संपते तो नियम) वापरण्याविषयी मी दरवेळी विनवतो आणि दरवेळी माझ्याकडे दुर्लक्ष होते. कंटेनर आपण बंदराबाहेरच्या आवारात सोपवून मोकळे होतो, पण एफओबीत तो जहाजावर चढेपर्यंतची जोखीम आपलीच राहते, हे पटवायला बहुधा एक कंटेनर हरवावा लागेल.

तळटीप:
मी यातला दुसरा विषय काही वर्षे शिकवला आहे. त्यामुळे माझ्याकडून त्याच्या समर्थनाची अपेक्षा असेल, परंतु आधी तक्रारच मांडतो.

हा विषय पुष्कळ ठिकाणी देशांच्या तक्त्यांवर शिकवला जातो. डच संशोधक खेर्ट होफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांतून सत्तेचे अंतर, व्यक्तिवाद, अनिश्चितता टाळण्याची वृत्ती आणि पुरुषीपणा असे चार निकष काढले. काम मोठे होते. परंतु एकाच कंपनीतल्या नोकरदारांच्या उत्तरांवरून अख्खा देश कसा ओळखायचा, ही शंका अनेकांनी घेतली आहे. ब्रेंडन मॅकस्वीनी यांची २००२ सालची टीका त्यात विशेष गाजली. देशाची सरासरी एका व्यक्तीला लावू नये, असे स्वतः होफस्टेडही बजावत असत. वर्गात मात्र विद्यार्थी तक्ता पाठ करतात आणि समोर माणूस दिसला की त्याच्या कपाळावर आकडा शोधू लागतात.

एकदा मी दोन देशांच्या विद्यार्थ्यांमध्ये वाटाघाटीचा सराव ठेवला होता. एका गटाने वाचले होते की समोरचे आधी ओळख वाढवतात. दुसऱ्या गटाने वाचले होते की समोरचे थेट मुद्द्यावर येतात. त्यामुळे पहिला गट घरच्यांची विचारपूस करत राहिला आणि दुसरा गट पहिल्याच मिनिटाला किमतीवर आला. दोन्ही गट एकमेकांसाठी तयारी करून आले होते आणि दोघेही दुखावून परतले.

याउलट मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी मांडलेला फरक मला अजून कामाचा वाटतो. काही ठिकाणी अर्थ मुख्यतः शब्दांत असतो आणि काही ठिकाणी तो संदर्भात, नात्यात आणि न बोललेल्या भागात असतो. यातून मिळतो तो एक प्रश्न, आणि तो प्रत्येक पत्र वाचताना विचारता येतो: या वाक्यातला किती अर्थ कागदावर आहे? उंबरठा यांच्या साहेबांनी ते वाक्य आले तेव्हा हा प्रश्न विचारला असता तर एक दूरध्वनी पुरला असता.

तेव्हा माझा सल्ला असा की विषयाचे नाव न पाहता वाचनयादी पाहा. यादीत तक्तेच असतील तर तो विषय घेऊ नका. प्रत्यक्ष वादांची कागदपत्रे असतील तर अवश्य घ्या.

जुना हिशेब:
तळटीप यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून एक वाद सुचवतो. १९७४ च्या सुमारास जगात साखरेचे भाव कडाडले होते. त्या काळात ऑस्ट्रेलियाच्या साखरेसाठी जपानी शुद्धीकरण कारखान्यांनी ठरावीक दराचा दीर्घ मुदतीचा करार केला. पुढे भाव कोसळले. बाजारापेक्षा फार चढ्या दराने साखर घेत राहणे जपानी कारखान्यांना जड जाऊ लागले, आणि १९७७ साली त्यांनी माल उतरवून घेण्यास नकार दिला. साखरेने भरलेली जहाजे जपानच्या किनाऱ्याजवळ थांबून राहिली. ऑस्ट्रेलियाची बाजू अशी होती की सही झाली म्हणजे विषय संपला. जपानी बाजूचे म्हणणे असे की परिस्थिती इतकी पालटल्यावर दीर्घकाळच्या भागीदाराने पुन्हा चर्चेला बसायला हवे. अखेर सुधारित अटींवर समझोता झाला. जपानी करारांत अनेकदा एक कलम आढळते, ज्यात वाद उद्भवल्यास दोन्ही पक्ष सद्भावनेने सल्लामसलत करतील एवढेच म्हटलेले असते. बाहेरच्या वकिलाला ते कलम भरतीचे वाटते. ते लिहिणाऱ्याच्या दृष्टीने कराराचा जीव तेथे असतो.

कलमबहाद्दर:
साखरेचे उदाहरण चांगले आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. भाव कोसळण्याऐवजी दुप्पट झाले असते, तर खरेदीदार 'परिस्थिती पालटली आहे, आम्ही जास्त दर देतो' असे म्हणत आले असते का? ज्याला करार महाग पडतो त्याला नाते आठवते. संस्कृतीच्या नावाखाली हिशेब लपवता येतो, हेही विद्यार्थ्यांना शिकवायला हवे.

दुसरे असे की यात पूर्व-पश्चिम असा भेद करणेच चूक आहे. इंग्रजी कायद्यात काम अवघड किंवा खर्चिक झाले एवढ्यावर करारातून सुटका होत नाही. फ्रान्समध्ये मात्र १ ऑक्टोबर २०१६ पासून नागरी संहितेच्या कलम ११९५ नुसार, अनपेक्षित बदलामुळे करार पाळणे अतिशय महाग झाले आणि त्या पक्षाने ती जोखीम पत्करलेली नसेल, तर तो फेरवाटाघाटी मागू शकतो. त्या फसल्यास प्रकरण न्यायाधीशापर्यंत जाते. युनिड्रॉइ या खासगी कायद्यांत एकसूत्रता आणू पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तत्त्वांतही अशा अडचणीसाठी तरतूद आहे. म्हणजे इंग्लिश खाडीच्या दोन काठांवर याविषयी दोन मते आहेत.

दुभाषी:
मग माझेच म्हणणे आपण सिद्ध केलेत. करार म्हणजे काय, याविषयी खाडीच्या दोन काठांवर दोन समजुती आहेत आणि त्या संहितेत व निकालांत उतरल्या आहेत. त्याला आपण कायदा म्हणता, मी संस्कृती म्हणते. सद्भावाचेही तसेच आहे. वाटाघाटी सद्भावाने करू असा नुसता समझोता इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने १९९२ साली अंमलबजावणीयोग्य मानला नाही. जर्मन कायद्यात वाटाघाटींच्या काळातही एकमेकांप्रती कर्तव्ये असतात. या दोन देशांतले दोन वकील एका मेजावर बसले की 'आपण प्रामाणिकपणे बोलत राहू' या वाक्याचे वजन प्रत्येकाच्या तराजूत वेगळे भरते. हे मी भाषांतर करताना डोळ्यांनी पाहिले आहे. एकाने ते वाक्य लिहून घेतले आणि दुसऱ्याने तेवढ्यात चहाचा कप उचलला.

पेंगणारा पहारेकरी:
आणि जो काहीच न बोलता नुसता अंगठा दाखवतो त्याचे काय?

नांगर:
पहारेकरी, आपण विनोद केला असेल, पण त्यावर निकाल आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचे छायाचित्र फोनवर पाठवून करार मान्य असल्याचे कळवा असे लिहिले. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह पाठवले. करार मिळाल्याची ती नुसती पोच होती, असे त्याचे म्हणणे. २०२३ साली न्यायालयाने ती स्वीकृती मानली आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरावे लागतील असा आदेश दिला. न्यायालयाने वजन कशाला दिले ते पाहा. याआधीच्या करारांना त्याच माणसाने 'ठीक आहे', 'हो' अशी एक-दोन शब्दांची उत्तरे दिली होती आणि माल पोहोचवलाही होता.

पेंगणारा पहारेकरी:
अंगठेबहाद्दर हा शब्द आता जपून वापरावा लागेल.

सीमारेषा:
लाचप्रतिबंधाचा भाग कोणी काढला नाही, म्हणून थोडे लिहितो. 'तिकडे भेटवस्तू द्यायची पद्धतच आहे' हे वाक्य अनुपालन विभागात मी फार वेळा ऐकले. ब्रिटनच्या २०१०च्या कायद्यात याचे उत्तर स्पष्ट लिहिले आहे. वर्तन अयोग्य होते का हे ठरवताना स्थानिक रूढी विचारात घ्यायची नाही, ती तेथील लिखित कायद्याने मान्य केलेली असेल तरच अपवाद. अमेरिकेच्या १९७७च्या कायद्यातही परदेशाच्या लिखित कायद्याने वैध असलेले देणे हाच बचाव आहे, नुसती प्रथा नव्हे. मात्र नेहमीचे सरकारी काम लवकर व्हावे म्हणून दिलेल्या किरकोळ रकमेला अमेरिकी कायदा सूट देतो आणि ब्रिटिश कायदा देत नाही. एकच कंपनी दोन्ही कायद्यांच्या कक्षेत येत असेल, तर कडक नियम पाळण्यावाचून गत्यंतर नसते. कलम ८ संस्कृतीला आत घेते असे दुभाषी म्हणाल्या; येथे कायदा तिला दारातच थोपवतो. कोठे काय होते हे कळण्यासाठी दोन्ही विषय लागतात.

शिकाऊ:
मी विद्यार्थी असताना व्हिएन्नात भरणाऱ्या विलेम व्हिस आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद सराव स्पर्धेसाठी आमच्या संघाबरोबर तयारी केली होती. उंबरठा यांच्या विद्यापीठाचा संघ असेल तर जरूर नाव द्यावे. एक कल्पित वाद दिलेला असतो आणि त्यावर बहुतेक वेळा सीआयएसजी लागू असते. आधी दावेदाराच्या बाजूने निवेदन लिहायचे. मग दुसऱ्या संघाने दावेदारासाठी लिहिलेले निवेदन हाती येते आणि आपण प्रतिवादीच्या बाजूने उत्तर लिहायचे. दोन महिने ज्या पत्राला मी होकार म्हणून सिद्ध करत होते, त्याच पत्रात होकार नाही असे पुढचा दीड महिना सिद्ध करावे लागले. समोरच्याच्या जागी उभे राहण्याचा याहून कठोर सराव मला दुसरीकडे कोठे मिळाला नाही.

तेथेच लवादाचे कलम वाचायला शिकले. लवादाचे कायदेशीर स्थान, लवादांची संख्या, नियम कोणत्या संस्थेचे, भाषा कोणती, कराराला कायदा कोणता, ही माहिती तीन-चार ओळींत बसते आणि सहसा सही करण्याच्या आदल्या रात्री घाईने भरली जाते. परदेशातला निवाडा वसूल करता येतो तो १९५८च्या न्यूयॉर्क करारनाम्यामुळे. १७० हून अधिक देश त्यात असल्यामुळे न्यायालयाच्या हुकूमनाम्यापेक्षा लवादाचा निवाडा सीमेपलीकडे नेणे बहुधा सोपे जाते. सरावासाठी युन्सिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचा निकालांचा संग्रह संकेतस्थळावर विनामूल्य आहे. रोज एक सारांश वाचावा. आणि उंबरठा, आपण त्या ग्राहकाबरोबरचा जुना पत्रव्यवहार एकदा काढून वाचला आहे का? अंगठ्याचा निकाल वाचल्यापासून मला तेच विचारायचे आहे.

उंबरठा:
सर्वांचे आभार. शिकाऊ यांच्या प्रश्नामुळे आज दुपारी जुनी फाइल काढली आणि जे दिसले त्याने थोडी हादरले आहे.

या ग्राहकाशी आमचे आधी दोन व्यवहार झाले होते. दोन्ही वेळा आमच्या दरपत्रकाला उत्तर म्हणून शब्दशः हेच वाक्य आले होते, "आपल्या प्रस्तावाचा आम्ही अनुकूल विचार करू." दोन्ही वेळा आम्ही उत्पादन सुरू केले. मागणीपत्र एकदा सोळा दिवसांनी आले, एकदा तेवीस दिवसांनी, आणि त्यावर तारीख मागची टाकलेली होती. माल गेला, पैसे आले. म्हणजे साहेबांनी वाक्य वाचलेच नव्हते. त्यांनी मागच्या वेळचा अनुभव वाचला होता. आणि मी वर्षभर त्यांना मनात उतावळे म्हणत राहिले.

कलमबहाद्दर:
हे आपण पहिल्याच प्रतिसादाआधी सांगितले असते तर माझी फजिती टळली असती. कलम ९ च्या पहिल्या परिच्छेदानुसार पक्षांनी आपसांत प्रस्थापित केलेले प्रघात त्यांना बंधनकारक असतात. दोनदा घडले म्हणजे प्रघात पडला का, यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, त्यामुळे आपण जिंकला असतात असे म्हणत नाही. परंतु 'करार झालाच नव्हता' हे माझे वाक्य मी मागे घेतो. मागची तारीख टाकलेली मागणीपत्रे तर आपल्या बाजूचा उत्तम पुरावा ठरली असती. ती जपून ठेवा. आणि 'यात संस्कृती कोठेच येत नाही' हेही मागे घेतो, दुभाषी यांनी फार आनंद मानू नये.

दुभाषी:
आनंद मानला आहे, तो लिखित स्वरूपात नाही. उंबरठा, ग्राहक अजून आहे ना? मग पुढचे पत्र कसे जाणार आहे?

उंबरठा:
आहे, आणि कालच नवी चौकशी आली आहे. विषयाचे म्हणाल तर अर्ज कायद्यासाठी भरला. दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकांना वाचनयादी मागितली. तीत तक्ते दोनच निघाले आणि बाकी सगळे वादच होते, तेव्हा परीक्षा न देता वर्गात बसण्याची परवानगी घेतली आहे. पत्राचा मसुदा असा आहे: "आपल्याबरोबरच्या मागील दोन व्यवहारांचे आम्हांला समाधान आहे. या वेळी मात्र आपले सही केलेले मागणीपत्र शुक्रवारपर्यंत आमच्याकडे पोहोचल्यावरच उत्पादन सुरू करता येईल. तोपर्यंत हा पत्रव्यवहार केवळ चौकशी समजावा. आपल्या सोयीसाठी मागणीपत्राचा नमुना जोडला आहे."

कलमबहाद्दर:
'शुक्रवारपर्यंत' म्हणजे शुक्रवार धरून की सोडून?

दुभाषी:
आणि त्यांच्याकडे शुक्रवारी कार्यालय उघडे असते का? 'या वेळी मात्र' काढा, तो शब्द डोळ्यांत खुपतो. नमुना जोडलात ते फार चांगले केलेत, त्याने मागणी न करता मागणी होते.

उंबरठा:
'या वेळी मात्र' काढले. शुक्रवारी त्यांची सुट्टी असते. सात वर्षांत मी हे कधी पाहिलेच नव्हते. आता तारीख, तास आणि घड्याळ कोणत्या शहराचे ते लिहिले आहे. पत्र रवाना झाले.